‘लावू नये’मधला ‘नये’ खोडला तर? लिव्हिंग विलमधला फेरफार, त्याची शिक्षा आणि ठाणे-नवी मुंबईकरांनी करायच्या गोष्टी

आमच्या काकांनी नौपाड्यातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून दोन पानांचं लिव्हिंग विल लिहिलं होतं, म्हणजे आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच सांगून ठेवणारा कागद. स्वतःच्या हातानं, शाईच्या पेनानं. त्यातलं एक वाक्य असं होतं : ‘माझी बरं होण्याची आशा उरली नसेल तर मला व्हेंटिलेटर लावू नये.’ दीड वर्षानं ते आयसीयूत होते तेव्हा फाइलमधून जो कागद निघाला, त्यात ‘नये’वर आडवी रेघ होती आणि वर बारीक अक्षरात ‘शकता’ लिहिलेलं होतं.

रेघ कुणी मारली ते घरात सगळ्यांना कळलं. ज्यानं मारली त्याला बापाची इस्टेट नको होती, बाप हवा होता. त्यामुळे कुणी पोलिसांत गेलं नाही. काकांनी स्वच्छ प्रत आधीच आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे दिलेली होती, ती डॉक्टरांनी स्वतः आणून दाखवली आणि काकांचा शब्द राखला गेला. ती प्रत नसती तर आम्ही काय सिद्ध केलं असतं, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. तेव्हापासून आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर कुणी असा कागद करायला निघालं की मी शेजारी बसते. हा लेख त्या बसण्यातून आला आहे.

आधी कायदा काय मानतो ते पाहू. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं उपचार थांबवण्याचा दरवाजा पहिल्यांदा किलकिला केला. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, येतो असं सांगून लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण त्याची पद्धत इतकी किचकट होती की कागद करणं सामान्य माणसाला जवळपास अशक्य होतं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं ती सोपी केली. आज आपण चालतो ते या २०२३च्या नियमांवर. आणि हे सगळं फक्त उपचार न देण्यापुरतं किंवा थांबवण्यापुरतं आहे. इंजेक्शन देऊन मरण आणणं कालही गुन्हा होता, आजही आहे.

आता कळीचा मुद्दा. लिव्हिंग विलमध्ये फेरफार केल्यास अमुक शिक्षा, असं स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आहे. तिथे रुग्णाच्या इच्छेविरुद्ध उपचार बंद व्हावेत म्हणून कुणी असा कागद बदलला किंवा खोटा बनवला आणि त्यामुळे मृत्यू लवकर ओढवला, तर थेट मनुष्यवधाचा खटला चालतो. ठाण्यात ज्यांची मुलं तिकडे आहेत ते लोक मला विचारतात, ‘इथेही तसंच ना?’ तसं नाही. इथे भारतीय न्याय संहितेतली बनावट दस्तऐवजाची साधी कलमं लावावी लागतात. ती लागू पडतात, पण मूळ कागद काय होता हे सिद्ध झालं तरच. म्हणून शिक्षेची चर्चा कागद लिहिण्याच्या दिवसापासूनच सुरू होते.

कोणत्या कृत्याला किती शिक्षा

१ जुलै २०२४पासूनच्या कृत्यांना न्याय संहिता लागू होते, त्याआधीच्या कृत्यांना जुनी भारतीय दंड संहिता. मी इथे नवी कलमं देते.

कलम ३३५ खोटा दस्तऐवज म्हणजे काय ते सांगतं, आणि ते शांतपणे वाचण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या नावानं कागद बनवणं हे झालंच. पण पूर्ण झालेल्या कागदात अधिकार नसताना लबाडीनं महत्त्वाचा भाग खोडणं किंवा बदलणं हेही त्यात येतं. काकांच्या ‘नये’वरची रेघ याच प्रकारातली. तिसरा प्रकार आयसीयूच्या दारात घडतो : मनाच्या अवस्थेमुळे, नशेमुळे किंवा फसवणुकीमुळे कागदात काय आहे हे ज्याला समजत नाही, अशा माणसाची सही घेणं. गुंगीच्या औषधाखाली असलेल्या आईचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवणाऱ्याला वाटतं, ‘अंगठा तर तिचाच आहे.’ अंगठा तिचाच असला तरी कागद खोटा ठरू शकतो.

अशा साध्या बनावटीला कलम ३३६ (२) खाली दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. बनावट कागद फसवणूक करण्यासाठी वापरायचा होता, समजा फ्लॅटचा ताबा लवकर मिळावा म्हणून, तर ३३६ (३) खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. महापालिकेतल्या नोंदवहीत खोटी नोंद घुसवली किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन खोटं बनवलं तर कलम ३३७ : सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बनावटीसाठी नोटरीचा खोटा शिक्का करून घेतला तर कलम ३४१ (२), तिथेही सात वर्षांपर्यंत.

खोटा कागद खोटा आहे हे माहीत असून खरा म्हणून पुढे करणारा कलम ३४० (२) खाली येतो आणि त्याला बनावट करणाऱ्याइतकीच शिक्षा होते. हे कलम लक्षात ठेवाच. रेघ कुणी मारली हे सांगणारा साक्षीदार बहुतेक वेळा नसतो, पण कागद डॉक्टरांच्या हातात कुणी दिला हे वॉर्डातल्या पाच जणांनी पाहिलेलं असतं.

इथे एक गैरसमज वकिलांच्या टेबलावरही भेटतो. मृत्युपत्राच्या बनावटीला कलम ३३८ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि मृत्युपत्र लबाडीनं नष्ट करण्याला कलम ३४३ खाली तशीच कडक. लिव्हिंग विलच्या नावात ‘विल’ आहे, म्हणून ही कलमं आपोआप लागतील असं लोक धरून चालतात. पण कायद्यातलं ‘विल’ म्हणजे मृत्यूनंतर अमलात येणारा दस्तऐवज, आणि आपला कागद मृत्यूच्या आधी वापरायचा असतो. त्यामुळे फिर्याद फक्त या दोन कलमांवर उभी करू नका.

कागद फाडला, जाळला किंवा दडवला तर? न्यायालयात किंवा सरकारी अधिकाऱ्यापुढच्या कायदेशीर कामकाजात हजर करावा लागेल असा दस्तऐवज पुरावा म्हणून पुढे येऊ नये या हेतूनं लपवला किंवा नष्ट केला, तर कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण वडिलांचा कागद कपाटात आहे हे माहीत असून मुलगा नुसता गप्प बसला तर त्याला या कलमात बसवणं अवघड आहे. मला ही पोकळी खुपते. जी पाहिली ती बहुतेक प्रकरणं खोडण्याची नव्हती, गप्प बसण्याची होती.

स्कॅन केलेली फाइल बदलली, रुग्णालयाच्या संगणकात किंवा कुणाच्या ईमेलमध्ये शिरून प्रत पुसली तर माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चं कलम ६६ : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही वापरली तर ६६-क (इंग्रजीत 66C).

आणि फेरफारामुळे माणूस गेलाच तर प्रकरण बनावटीपाशी थांबत नाही. हेतू आणि पुरावा पाहून कलम १०५ किंवा १०३, म्हणजे सदोष मनुष्यवध किंवा खून, यांचा विचार होऊ शकतो. ‘ते तसेही जाणारच होते’ हा बचाव पुरेसा नाही. आधीच आजारी असलेल्या माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर आणणाऱ्यानंच मृत्यू घडवला असं कलम १००चं स्पष्टीकरण सांगतं. मात्र मरणासन्न रुग्णाच्या बाबतीत कार्यकारण जोडून दाखवणं फार कठीण जातं, हेही खरं. खून सिद्ध झाला तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६च्या कलम २५ प्रमाणे खुन्याला त्या माणसाच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही.

कागद करताना : फेरफार पकडला जाईल अशी रचना

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘लावू नये’, ‘देऊ नका’, ‘नको’. शेवटचा एक शब्द गेला की अर्थ उलटा होतो. म्हणून प्रत्येक सूचना दोन वेगळ्या वाक्यांत लिहा : ‘व्हेंटिलेटर लावण्यास माझा नकार आहे. मला नैसर्गिकरीत्या जाऊ द्यावं अशी माझी इच्छा आहे.’ एक वाक्य बिघडवलं तरी दुसरं साक्ष देतं. अर्थात कागदच गोंधळाचा दिसावा हाही कुणाचा डाव असू शकतो, कारण सूचना संदिग्ध असतील तर निर्णय घेणारं डॉक्टरांचं वैद्यकीय मंडळ त्या अमलात आणत नाही. म्हणजे कागद रद्द करायला तो फाडावाही लागत नाही, गढूळ केला की पुरतं. यासाठी शेवटी एक ओळ घाला : ‘या दस्तऐवजात कोणतीही खाडाखोड नाही. खाडाखोड दिसल्यास ती माझी नाही असं समजावं.’ मग लिहिताना खरोखरच एकही खाडाखोड राहू देऊ नका. चूक झाली तर पान नव्यानं लिहा.

प्रत्येक पानावर ‘पान १/२’ असा क्रमांक आणि सही. शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा उरली तर तिरकी रेघ ओढा. निर्णय कळवण्यासाठी एकापेक्षा जास्त व्यक्तींची नावं द्या. २०२३च्या नियमांत तशी मुभा आहे. रुग्ण बोलू शकत नसेल तेव्हा याच व्यक्तींची संमती घेतली जाते, त्यामुळे फेरफार करणारा पहिला हात या नावांवर टाकतो. पूर्ण नाव, नातं आणि जन्मवर्ष लिहा. नुसतं ‘माझा भाचा’ लिहिलंत तर भाचे चार निघतात.

साक्षीदार दोन, शक्यतो स्वतंत्र. घरातला वारस साक्षीदार करू नका. शेजारच्या इमारतीतले, तुमच्याहून लहान वयाचे, पुढच्या दहा वर्षांत सापडतील असे घ्या. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही. ठाण्यात कोर्ट नाक्याला आणि नवी मुंबईत बेलापूरच्या न्यायालयाजवळ नोटरी सहज भेटतात. पण रस्त्यावर गाडीच्या बॉनेटवर शिक्का मारून घेऊ नका. नोटरीनं त्याच्या नोंदवहीत नोंद केली का, हे पाहून तिचा अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या. उद्या दुसरा कागद उगवला तर हा क्रमांकच बोलतो. तुम्ही स्वेच्छेनं, दबावाशिवाय, समजून सही केलीत याची खात्री नोटरीनं नमूद करायची असते. ते वाक्य असल्याशिवाय उठू नका. स्टँप पेपरची अट निकालात नाही.

शक्य असेल तर त्याच दिवशी मोबाइलवर एक व्हिडिओ करा. तारीख सांगा, कागद स्वतः मोठ्यानं वाचा, साक्षीदार चौकटीत दिसू द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात : प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे देणं. २०२३च्या निर्देशांप्रमाणे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांच्या सक्षम अधिकाऱ्यानं या कागदांसाठी अभिरक्षक, म्हणजे ते सांभाळून ठेवणारा माणूस, नेमायचा असतो. मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर आपल्या राज्यात या नेमणुकांना गती आली. ठाणे शहरात राहत असाल तर पाचपाखाडीतल्या महापालिका मुख्यालयात, ऐरोली ते बेलापूर पट्ट्यात असाल तर बेलापूरच्या नवी मुंबई महापालिका मुख्यालयात आरोग्य विभागाकडे अभिरक्षक कोण, ते विचारा. खारघर, कामोठे, कळंबोली इथले लोक बोलताना नवी मुंबईकर असले तरी त्यांची पनवेल महापालिका वेगळी आणि जिल्हा रायगड. त्यांनी बेलापूरला प्रत देऊन घरी येऊ नये.

काउंटरवरच्या माणसाला हा प्रकार माहीत नसेल तर वाद घालू नका. एक पानी अर्ज, सोबत कागदाची प्रत, आणि आपल्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. ही पोच म्हणजे तुमच्या कागदाचा जन्मदाखला समजा. तिचं महत्त्व का, तर एकापेक्षा जास्त लिव्हिंग विल निघाली तर सर्वात शेवटी सही केलेलं ग्राह्य धरतात. ज्याला फेरफार करायचा आहे त्यानं जुना कागद खोडायची गरजच नाही, नंतरची तारीख टाकून नवा बनवला की झालं. मग त्याला विचारायचं : याची नोटरीकडे नोंद कुठे, अभिरक्षकाकडे प्रत कुठे? मत बदलायचं किंवा कागद रद्द करायचा तरी तो लेखीच, मूळ पद्धतीनंच बदलावा लागतो. ‘बाबा परवा तोंडी म्हणाले होते’ एवढ्यावर काही रद्द होत नाही.

एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक नाव दिलेल्या प्रत्येकाकडे, आणि स्कॅन सगळ्यांना एकाच ईमेलमधून. त्या ईमेलवरची तारीख पुढे कामाला येते.

फेरफाराचा संशय आला तर

पहिलं : तो कागद जसा आहे तसा राहू द्या. त्यावर ‘खोटं आहे’ असं लिहू नका, पिन काढू नका, लॅमिनेट करू नका. दोन्ही बाजूंचे, उजेडात, पूर्ण पानाचे फोटो घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोवर विसंबू नका, मूळ फोटो फोनमध्येच ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. फोन बदलला की अडचण होते.

दुसरं : आयसीयूच्या दारात भावंडांशी भांडू नका, लेखी द्या. उपचार करणारे डॉक्टर आणि वैद्यकीय अधीक्षक या दोघांच्या नावे एक अर्ज : ‘रुग्णाच्या लिव्हिंग विलमध्ये फेरफार झाल्याचा माझा आक्षेप आहे. प्रतीची सत्यता अभिरक्षकाकडून आणि डिजिटल आरोग्य नोंदींवरून पडताळावी. तोपर्यंत त्यावर निर्णय घेऊ नये. मूळ कागद आणि संबंधित दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण जतन करावं.’ पोच घ्या. सत्यता पडताळणं ही उपचार करणाऱ्या डॉक्टरची जबाबदारीच आहे. हे त्याला ऐकवायचं नाही, अर्जात लिहायचं.

थोडा दिलासा असा की उपचार काढण्याचा निर्णय एका रात्रीत होत नाही. आधी रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ : जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि अंमलबजावणीआधी रुग्णालयानं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. तुमचा आक्षेप या प्रत्येक टप्प्यावर कागदोपत्री पोचला पाहिजे, म्हणून अर्जाची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातही द्या. प्रकरण अडलं तर अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात जाता येतं.

तिसरं : केस पेपरच्या प्रती मागा. २००२च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांनुसार रुग्ण किंवा त्याच्या अधिकृत व्यक्तीनं मागितल्यावर ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात आणि डॉक्टरांनी नोंदी किमान तीन वर्षं ठेवायच्या असतात. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) करू नये या सूचनेचा फॉर्म वेगळा असतो, तोही नाव घेऊन मागा. त्यावर कुणाची सही, किती वाजता, रुग्ण तेव्हा शुद्धीत होता का, हे नर्सिंग नोट्सशी ताडून पाहा. फेरफार तिथे उघडा पडतो : फॉर्मवर दुपारी चारची सही आणि नर्सच्या नोंदीत दुपारी तीनपासून रुग्ण गुंगीत.

सही पडताळायला जुन्या निर्विवाद सह्या लागतील. बँकेचा नमुना, पासपोर्ट, पेन्शनचे हयातीचे दाखले. कागदाच्या तारखेच्या जवळपासच्या सह्या शोधा, कारण आजारपणात हात बदलतो.

पोलिसांत जाताना

ज्या हद्दीत कागद पुढे केला गेला, म्हणजे बहुधा रुग्णालय जिथे आहे, तिथलं पोलीस ठाणं. दुसऱ्या ठाण्यानंही शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून पुढे पाठवायचा असतो. इथे तुमची खरी गाठ पडते ती ‘एनसी’शी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीशी. ३३६ (२) ची साधी बनावट अदखलपात्र आहे, पोलीस एनसी लिहून हातात देतील आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होणार नाही. ३३६ (३) आणि ३४० (२) मात्र दखलपात्र आहेत. म्हणून फिर्यादीत फक्त ‘सही खोटी आहे’ असं लिहू नका. कुणी, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातात तो कागद खरा म्हणून दिला आणि त्यातून त्याला काय मिळणार होतं, हे घटनाक्रमानं लिहा. तर्क वेगळा, डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं.

तरीही एफआयआर घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ (४) प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी द्या. आपल्याकडे ठाणे आणि नवी मुंबई अशी दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, पनवेल-खारघर नवी मुंबईत येतं. तिथेही हाललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह कलम १७५ (३) खाली न्यायदंडाधिकारी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

फेरफारात डॉक्टरचा हात असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे स्वतंत्र तक्रार होते. रुग्णालयाच्या सेवेतली त्रुटी असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आणि साध्या बनावटीच्या गुन्ह्याची दखल न्यायालय तीन वर्षांपर्यंतच घेऊ शकतं. माणूस गेल्यावर पहिलं वर्ष दिवस-वार करण्यात जातं, दुसरं ‘आता कशाला’ म्हणण्यात. आक्षेपाची पोच, केस पेपर आणि नोटरीचा क्रमांक एका पाकिटात घालून पाकिटावर घटनेची तारीख लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवता येतं.